घर विकण्याआधी एक ऑगस्ट तिथे काढा

फेब्रुवारी आला की न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यातल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. ड्राइव्हवेवर मीठ टाकून घरात आलेला माणूस बूट काढता काढता म्हणतो, "बस झालं आता. हे घर विकू आणि गरम राज्यात जाऊ." मग कोणी टॅम्पाचं नाव काढतं, कोणी डॅलसचं, कोणी फीनिक्सचं. कोणाची मुलगी नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असते, तर घरातलं मत आपोआप तिकडे झुकतं. एप्रिलमध्ये ट्युलिप उगवले की चर्चा थंडावते. पण दरवर्षी काही जण खरोखर घर विकतात आणि जातात.

जाण्यात गैर काही नाही. आपण एकदा सात समुद्र ओलांडून आलो, तेव्हा एक-दोन हजार मैलांचं काय घेऊन बसायचं? पण पंचविशीत दोन बॅगा घेऊन येणं वेगळं आणि पासष्टीत भरलेलं घर उपटून दुसरीकडे लावणं वेगळं. म्हणून साठीच्या आसपासच्या, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सगळ्यांना एवढंच सांगणं आहे: थंडीच्या रागात घर विकू नका. चार गोष्टी नीट तपासा, दोघांनी मिळून बोला, आणि मग जायचं की नाही ते ठरवा.

थंडीचा त्रास खरा आहे

आधी जाणाऱ्यांची बाजू. थंडीला कंटाळणं म्हणजे नाजूकपणा नव्हे. गारठ्यात बर्फ उपसताना हृदयावर अचानक ताण येतो. ज्यांना आधीच मधुमेह, रक्तदाब आहे त्यांनी तर फावडं हातात न घेतलेलंच बरं. साठीनंतर बर्फावरून घसरून खुबा मोडला तर आयुष्याची घडीच विस्कटते. साडेचार वाजता अंधार पडला की अनेकांचं मन खरंच खचतं. या हिवाळी नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केलं, आणि आज त्यावर प्रकाशोपचार आणि औषधं उपलब्ध आहेत.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमचा त्रास नेमका कशाचा आहे? बर्फ उपसण्याचा असेल तर त्यासाठी माणूस लावता येतो, किंवा स्वतंत्र घर सोडून जवळच्याच टाउनहाउसमध्ये जाता येतं. जिन्यांचा असेल तर तो टेक्सासच्या दुमजली घरातही राहीलच. मन खचत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. एकटेपणाचा असेल तर अनोळखी गावात तो कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यताच जास्त. एवढं सगळं वजा केल्यावरही थंडी नकोशीच वाटत असेल, तर पुढचं वाचा.

करात खरंच किती वाचतं?

"तिथे इन्कम टॅक्स नाही," हे वाक्य प्रत्येक पार्टीत ऐकू येतं. ते खरं आहे. फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी, नेवाडा या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. नोकरी चालू असलेल्याला याचा फायदा मोठा. पण निवृत्ताने आपला हिशेब वेगळा मांडायला हवा, कारण तुमचं सध्याचं राज्य तुमच्या निवृत्तीच्या उत्पन्नावर मुळात कर घेतं का, हे आधी पाहायला हवं.

इलिनॉय सोशल सिक्युरिटीवर कर घेत नाही, पात्र पेन्शनवर घेत नाही, फोर-ओ-वन-के मधून काढलेल्या रकमेवरही घेत नाही. पेनसिल्व्हेनियातही निवृत्तीच्या वयानंतर चित्र साधारण असंच आहे. म्हणजे ज्या जोडप्याचं सगळं उत्पन्न या तीन वाटांनी येतं, त्यांनी केवळ इन्कम टॅक्ससाठी शिकागो सोडून ह्यूस्टन गाठलं तर वाचणारी रक्कम जवळजवळ शून्य. न्यू जर्सीतही सोशल सिक्युरिटीवर राज्याचा कर नाही, आणि ६२ वर्षांवरच्यांचं एकूण उत्पन्न मर्यादेत असेल तर पेन्शनवर चांगली सूट मिळते. व्याज, भाडं, शेअरविक्रीचा नफा अशी मिळकत मोठी असेल तर मात्र फरक पडतो. मागच्या वर्षीचं रिटर्न काढा आणि राज्याला खरोखर किती डॉलर गेले तो आकडा कागदावर लिहा. पार्टीतल्या गप्पांपेक्षा तो एक आकडा मोलाचा.

प्रॉपर्टी टॅक्सच्या बाबतीत न्यू जर्सीकरांचं रडगाणं खोटं नाही. राज्यातलं सरासरी बिल आता वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे. पण ६५ वर्षांवरच्यांसाठी सीनियर फ्रीझ, स्टे एनजे अशा सवलती आहेत. त्यांचे नियम वाचून अर्ज केलात का? शिवाय टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नसला तरी प्रॉपर्टी टॅक्सचा दर भक्कम आहे. ६५ नंतर तिथे शाळांच्या करावर कमाल मर्यादा मिळते, ही जमेची बाजू. मात्र ह्यूस्टनच्या बाहेरच्या नव्या वसाहतींत पाणी आणि सांडपाण्याच्या सोयींसाठी वेगळा 'मड टॅक्स' असतो. फ्लोरिडातल्या नव्या वसाहतींत तसाच 'सीडीडी' आकार लागतो आणि तो प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातच येतो.

फ्लोरिडात आणखी एक खाच आहे. राहत्या घराचं करपात्र मूल्य तिथे वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्केच वाढू शकतं. त्यामुळे वीस वर्षं राहिलेल्या मालकाचं बिल फारच कमी दिसतं. तुम्ही ते घर घेतलंत की पुढच्या १ जानेवारीला मूल्यांकन नव्याने होतं आणि बिल उसळी घेतं. म्हणून विकणाऱ्याचं बिल पाहून खूष होऊ नका. काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरकडे तुमच्या खरेदी किमतीवर अंदाज काढून घ्या.

इथलं घर विकताना नफ्याचाही हिशेब करा. शेवटच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या जोडप्याला साधारणपणे पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा कर माफ असतो. एकट्याला अडीच लाख. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात नफा याहून जास्त निघू शकतो. न्यू जर्सी सोडून जाणाऱ्यांकडून विक्रीच्या वेळी घेतली जाणारी रक्कम, जिला लोक 'एक्झिट टॅक्स' म्हणतात, ती वेगळा दंड नसून त्याच विक्रीवरच्या कराची आगाऊ वसुली असते. जास्त गेली असेल तर रिटर्न भरून परत मिळते.

इन्शुरन्स विचारल्याशिवाय घर पसंत करू नका

करात वाचलेले पैसे इन्शुरन्समध्ये जातात, हा फ्लोरिडाचा रोकडा अनुभव आहे. तिथला घराचा विमा देशातल्या सर्वांत महाग विम्यांपैकी एक आहे. घर जुनं असेल तर कंपनी छताचं वय विचारते, तपासणीचा अहवाल मागते. चक्रीवादळाचा डिडक्टिबल ठरावीक रकमेचा नसून बहुधा घराच्या विमामूल्याच्या टक्क्यांत असतो. चार लाखांचा विमा आणि २ टक्के डिडक्टिबल म्हणजे पहिले आठ हजार तुमच्या खिशातून. ५ टक्के असेल तर वीस हजार. आणि नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि सरकारी योजनेतली पूरविमा पॉलिसी साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी ऐकून धावाधाव करून उपयोग नाही.

समुद्रापासून लांब गेलं की झालं, असंही समजू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं, पण त्याच्या पावसाने भीषण पूर आला तो नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या ॲशव्हिलला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ज्या टेक्सासमध्ये लोक थंडी टाळायला जातात, तिथेच कडाक्याची थंडी पडून वीज गेली, घराघरांत पाइप फुटले. राज्याने मृतांचा अधिकृत आकडा २४६ दिला. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि ती ऐन उन्हाळ्यात. म्हणून राज्य चांगलं की वाईट हा वाद सोडा. त्या एका पत्त्याची चौकशी करा. फेमाचा पूरनकाशा उघडा, विकणाऱ्याला पुराबद्दल लेखी विचारा, आणि घराला ऑफर देण्याआधी दोन कंपन्यांकडून विम्याचा भाव घ्या. हप्ता ऐकून घर नापसंत झालं तर बरंच झालं म्हणा.

कॉन्डो घेणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावं. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळ सर्फसाइडला बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. त्यानंतर २०२२ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला. तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या कॉन्डो इमारतींना आता बांधकामाची तपासणी करावी लागते आणि दुरुस्तीसाठी राखीव निधी साठवावा लागतो. नियम योग्यच आहे, पण वर्षानुवर्षं निधी न साठवलेल्या इमारतींत त्याचा बोजा एकदम आजच्या मालकांवर पडतो. स्वस्तात मिळणाऱ्या कॉन्डोमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. असोसिएशनच्या बैठकांची इतिवृत्तं, राखीव निधीचा अहवाल आणि येऊ घातलेली विशेष वर्गणी, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सही करू नका.

उकाड्याचे महिने मोजा

"आम्ही अकोल्याचे, आम्हाला काय उन्हाचं!" असं म्हणणारे बरेच भेटतात. खरं आहे, पण अकोल्याचं ऊन सोसलं तेव्हा वय वीस होतं आणि औषधांचा डबा नव्हता. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या पाण्याच्या गोळ्या उन्हाळ्यात शरीर लवकर कोरडं करतात. मधुमेह्यांना उष्मा जास्त बाधतो, इन्सुलिन गाडीत ठेवता येत नाही. फीनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट (सुमारे ४३ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त राहिलं. त्या वर्षी तिथल्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. ॲरिझोनाच्या धुळीतून होणारा 'व्हॅली फीव्हर' हा फुप्फुसाचा आजारही दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

टॅम्पा आणि ह्यूस्टनचा प्रकार निराळा. तिथे मुंबईचा मे महिना असतो, पण तो ऑक्टोबरच्या तोंडापर्यंत चालतो. इथे आपण डिसेंबर ते मार्च घरात कोंडले जातो. तिथे जून ते सप्टेंबर एसीत बसावं लागतं. फिरायला जायचं तर पहाटे सहाला. कोंडून राहणं पुरतं टळत नाही, त्याचे महिने बदलतात. कोणाला हा बदल मनापासून आवडतो, कोणाला सोसत नाही. तुम्ही कोणत्या गटातले, हे जानेवारीच्या सहलीत कळणार नाही. कांदेपोह्यांच्या दिवशी दोन्ही घरं नीटनेटकीच दिसतात. ऑगस्टमध्ये जा, हॉटेलऐवजी महिनाभर भाड्याचं घर घ्या, स्वतः किराणा आणा, दुपारी तीनला पार्किंगमधून चाला.

डॉक्टर आणि मेडिकेअर

मेडिकेअर देशभर चालतं, हे अर्धसत्य आहे. मूळ मेडिकेअर सगळीकडे चालतं. पण मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना काउंटीशी आणि तिथल्या डॉक्टरांच्या जाळ्याशी बांधलेली असते. तुम्ही तिच्या हद्दीबाहेर गेलात की नवी योजना घ्यावीच लागते. त्यासाठी खास मुदत मिळते, आणि तेव्हा मूळ मेडिकेअरकडे परतून पूरक मेडिगॅप विमा विनातपासणी घेण्याचा हक्कही मिळतो. पण जुनं संरक्षण संपल्यापासून ६३ दिवसांत अर्ज करावा लागतो. ही तारीख चुकली तर बहुतेक राज्यांत मेडिगॅप कंपनी तुमचे आजार विचारून नकार देऊ शकते. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्लासेवा असते. इथल्या आणि तिथल्या, दोन्ही ठिकाणी फोन करा.

६५ च्या आत असाल तर विमा नव्या राज्यात बहुधा नव्याने घ्यावा लागेल. त्याचा हप्ता आधी काढा. आणि ज्यांचे भारतातून आलेले आईवडील सोबत राहतात आणि सरकारी मदतीवर अवलंबून आहेत, त्यांनी विशेष चौकशी करावी. मेडिकेडचे नियम राज्यागणिक बदलतात, आणि टेक्सास-फ्लोरिडाने त्याचा विस्तार केलेला नाही.

मृत्युपत्र आणि पॉवर ऑफ ॲटर्नीही नव्या राज्याच्या वकिलाला दाखवा. टेक्सास आणि ॲरिझोनात नवरा-बायकोच्या मालमत्तेचा कायदा न्यू जर्सी-इलिनॉयपेक्षा मुळातूनच वेगळा आहे.

माणसं कोण असतील?

आता ज्या गोष्टीचा कोणी तक्ता करत नाही ती. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर सकाळी कोथिंबीर आणायला गेलं की दोन ओळखीचे भेटतात. तीस वर्षांत जमलेला गणपतीचा, दिवाळीचा, भिशीचा गोतावळा असतो. रात्री छातीत दुखलं तर कोणाला फोन लावायचा, हे विचार न करता ठाऊक असतं. डॅलस, ह्यूस्टन, कॅरी इथेही महाराष्ट्र मंडळं आहेत, देवळं आहेत, वाणसामान मिळतं. पण तिथल्या अनेक मंडळांत गर्दी तिशी-चाळिशीतल्या जोडप्यांची, मराठी शाळेत मुलं सोडणाऱ्यांची असते. ते तुम्हाला काका-काकू म्हणून मानाने वागवतील, पण मैत्री व्हायला वेळ लागेल. ती आपोआप होणार नाही. तुम्हाला दारं ठोठावावी लागतील, स्वयंसेवक व्हावं लागेल. हा स्वभाव तुमचा असेल तर चिंता नाही. फ्लोरिडात ओरलँडोच्या वायव्येला टव्हारिसमध्ये भारतीय ज्येष्ठांसाठी वसवलेली शांतिनिकेतनसारखी वसाहतही आहे. तसं वातावरण मानवेल का, ते चार दिवस राहून बघा.

मुलांच्या मागे जाणाऱ्यांनी एक अवघड संभाषण आधी उरकावं. मुलीला आणि जावयाला सरळ विचारा: "तुम्ही इथे किती वर्षं आहात? नोकरी बदलली तर कुठे जाल? आम्ही शेजारी आलो तर नातवंडांना आठवड्यातून किती दिवस सांभाळायचं?" विचारायला संकोच वाटतो, पण डॅलसमध्ये घर घेऊन झाल्यावर दोन वर्षांत मुलगी सिएटलला गेली, तर तो संकोच फार महाग पडतो. उत्तर "आत्ता सांगता येत नाही" असं आलं तरी ते उत्तरच आहे. मग घर विकत न घेता भाड्याने घ्या.

सगळ्यांत महत्त्वाची कसोटी तर याहून कठीण आहे. आज तुम्ही दोघं गाडी चालवता. पंधरा वर्षांनी कदाचित कोणीच चालवणार नाही, आणि कदाचित दोघांपैकी एकच उरलेलं असेल. त्या एकट्या माणसाने त्या घरात कसं राहायचं? किराणा, डॉक्टर, देऊळ गाडीशिवाय कसं गाठायचं? दार कोण वाजवेल? हवामान, कर, घराचा आकार या सगळ्यांना मी या प्रश्नाखाली बसवतो. याचं बरं उत्तर नव्या गावात असेल तर जा. जुन्या गावात असेल तर बर्फ काढायला माणूस लावा आणि राहा.

मधला रस्ताही आहे

सगळं किंवा काहीच नाही, असा हा मामला नाही. इथलं घर लहान करून जानेवारी ते मार्च दक्षिणेत भाड्याने राहणारे अनेक आहेत. पण दोन्हीकडे घर असेल तर दिवस मोजा. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी, कायम राहण्याजोगं घर तिथे असलेल्या आणि १८३ दिवसांहून जास्त राहिलेल्या माणसाला रहिवासी धरतात. नुसतं फ्लोरिडाचं लायसन्स काढून भागत नाही.

हिवाळा पुण्या-नाशिकला काढणं हा आपला खास मार्ग. खर्चात, हवेत आणि माणसांत तो फ्लोरिडाला सहज हरवतो. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. मेडिकेअर भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही, म्हणून वेगळा प्रवासविमा हवा. ग्रीन कार्डवाल्यांनी लांब मुक्कामाआधी वकिलाला विचारावं. आणि भारतात तुमचं उत्पन्न १५ लाख रुपयांहून जास्त असेल तर करासाठी १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा लागू शकते, तेव्हा सीएला विचारून तिकीट काढा.

क्रम असा ठेवा

आधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: मला का जायचं आहे, आणि मी काय गमावेन. मग कागद बदला. बऱ्याच घरांत एकाला जायचं असतं आणि दुसरं गप्प असतं. ते गप्प बसणं होकार समजू नका. नंतर मागचं रिटर्न, विम्याचे दोन भाव, काउंटीचा कराचा अंदाज आणि शिपचा सल्ला एका फायलीत लावा. ऑगस्टचा महिना तिथे काढा. तरीही मन होच म्हणत असेल तर वर्षभर भाड्याने राहा, आणि शक्य असेल तर तोवर इथलं घर भाड्याने द्या. एकदा विकलेलं घर त्याच गल्लीत, त्याच भावात परत मिळत नाही. आणि पाचांपैकी दोन वर्षं राहण्याच्या अटीमुळे भाड्याने दिलेलं घर विकायचं तर तीन वर्षांच्या आत, हे विसरू नका, नाहीतर विक्रीवरची ती करमाफी हातची जाईल.

एवढं करून जायचं ठरलं तर खुशाल जा. बर्फाचं फावडं शेजाऱ्याला देऊन टाका. तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात मंडळाचं सभासदत्व घ्या, डॉक्टर धरा, शेजारच्या चार घरांत डबा घेऊन ओळख करा, आणि ऊठसूट "आमच्या एडिसनला असं नव्हतं" म्हणू नका. न जायचं ठरलं तर तेही तितक्याच ठामपणे ठरवा, बर्फ काढणाऱ्याशी ऑक्टोबरमध्येच करार करा, आणि पुढच्या फेब्रुवारीत तोच विषय पुन्हा काढू नका.